नोव्हेंबर लागला: परसात, गच्चीवर आणि रानात काय, कधी, किती पेरायचं

वाफसा

ऑक्टोबरचा चटका उतरला आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटू लागलं, की एक प्रश्न दरवर्षी येतो: "दिवाळी झाली, आता पेरू ना?" दिवाळी धरून पेरलं की हमखास फसगत होते, म्हणून आधी त्याबद्दल.

तिथी चंद्राच्या, ऊन सूर्याचं. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. म्हणजे तीन आठवड्यांचा फरक. तुळशीचं लग्नही तसंच मागेपुढे सरकतं. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्यावर मोजतात, त्यामुळे ती इंग्रजी तारखांना धरून राहतात. स्वाती साधारण 24 ऑक्टोबरला लागते, विशाखा 6 नोव्हेंबरला, अनुराधा 19 नोव्हेंबरला. फरक पडलाच तर एखाद्या दिवसाचा. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" या म्हणीत नक्षत्र आहे, तिथी नाही, ते यामुळेच. पेरणीच्या वहीत नक्षत्र किंवा तारीख लिहा, सण नको.

दुसरी गोष्ट मातीच्या उष्णतेची. पालक, कोथिंबीर, वाटाणा यांचं बी तापलेल्या मातीत नीट उगवत नाही. दुपारी तीन वाजता कुंडीत दोन इंच खोल बोट घाला. माती कोमट लागली तर आठवडाभर थांबा, गार लागली तर पेरा. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या जमिनीतल्या वाफ्यापेक्षा बऱ्याच जास्त तापतात. एकाच गावात परसातली कोथिंबीर उगवते आणि गच्चीवरची नाही, याचं निम्मं कारण ते.

तिसरं म्हणजे वाफसा, पेरणीला योग्य इतकीच ओल. चार इंच खालची मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त आहे, आज हात लावू नका. गोळाच वळला नाही तर आधी पाणी द्या, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग पेरा. कोरड्यात पेरून वरून पाणी घातलं की वर खपली धरते आणि कोंब खालीच वळतो.

ज्याला जे पीक नेमकं माहीत आहे त्याने ते लिहा. आकड्यांसकट लिहिलंत तर सगळ्यांना उपयोग होईल.

कुंडीभर

धागा वेळेवर आला. गच्चीवाल्यांसाठी पेरणीच्या आधीची एक गोष्ट: कुंड्यांची जागा बदला.

जूनमध्ये दुपारचा सूर्य पुण्यात जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर तो दक्षिणेला कलून क्षितिजापासून 53 अंशांवर येतो, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात 48 अंशांवर. कठड्याच्या सावलीत हा फरक दिसतो. दक्षिणेचा कठडा साडेतीन फूट उंच असेल तर भर दुपारी त्याची सावली आता अडीच फुटांच्या वर आणि डिसेंबरमध्ये तीन फुटांच्या वर पडते. सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. पावसाळ्यात त्या कठड्याला टेकवलेल्या कुंड्या आता दिवसभर सावलीत बसतात आणि मेथी पिवळी लांबुळकी होते. लोक खत वाढवतात. खत कमी पडलेलं नसतं, ऊन कमी पडलेलं असतं. त्या कुंड्या उत्तरेच्या कठड्याकडे न्या, म्हणजे दक्षिणेचं ऊन पुरतं मिळेल.

बाल्कनी दक्षिणेला असेल तर तुमचा हंगाम आता सुरू झाला, ऊन आत येतं. उत्तरेच्या बाल्कनीत मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन नाही, तिथे पुदिना आणि विड्याचा वेल यावर समाधान माना.

पाणीही कमी करा. ऑक्टोबरमध्ये बारा इंची कुंडीला दोन वेळा लागत होतं, आता सकाळी एकदा पुरे, तेही वरची इंचभर माती सुकली असेल तरच. संध्याकाळी पानांवर पाणी टाकू नका. रात्री दव पडतं, पानं ओली राहतात, बुरशीला हवं असतं तेच मिळतं.

माळवं

मेथी-कोथिंबिरीचं मी लिहिते.

मेथी: दीड फूट बाय दोन फुटांचा ट्रे, सहा इंच माती. बी चहाचे तीन चमचे, म्हणजे 10 ते 12 ग्रॅम. रात्रभर भिजवलं तर एक-दोन दिवस लवकर उगवतं, नाही भिजवलं तरी चालतं. बोटभर अंतरावर रेघा ओढून त्यात टाका आणि वर जेमतेम एक सेंटिमीटर माती. फेकून पेरलं की काही बी उघडं राहतं आणि चिमण्या टिपतात. पहिले तीन-चार दिवस वर गोणपाट टाकून त्यावरच पाणी शिंपडा, कोंब दिसला की त्याच दिवशी काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटात अडकून उपटले जातात. 25 ते 30 दिवसांत भाजी. उपटण्याऐवजी दोन इंच देठ ठेवून कापलीत तर दुसरी कापणी मिळते, मात्र ती थोडी कडू लागते. दर दहा दिवसांनी एक ट्रे पेरा, एकदम तीन पेरू नका.

कोथिंबीर: किराणातले धणे पुष्कळदा जुने असतात, त्यातले निम्मे उगवतात. बियाण्याचे घ्या. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून पोळपाटावर लाटण्याने हलकेच दाबून दोन फाकी करा. जोर लावलात तर भुगा होईल. मग 12 तास पाण्यात, नंतर फडक्यावर पसरून पाणी निथळेपर्यंत वाळवा. दीड सेंटिमीटर खोल, ओळीत. आठ ते बारा दिवस काहीच दिसणार नाही. पाचव्या दिवशी माती उकरून बघण्याचा मोह आवरा, कोंब तिथेच मोडतो.

पालक: आपला देशी पालक बीटच्या कुळातला. त्याचं एक "बी" म्हणजे दोन-तीन बियांची गाठ असते. एका जागी दोन-तीन रोपं उगवली की एक ठेवून बाकीची नखाने खुडा, उपटू नका. उपटलं तर ठेवायच्या रोपाची मुळं हलतात.

गाजराचं रोप करून लावू नका, जागेवरच पेरा. मुळाचं टोक दुखावलं की गाजराला दोन-तीन पाय फुटतात. खडा लागला किंवा ताजं शेणखत पडलं तरी तेच होतं. कुंडी फूटभर खोल हवी. मुळ्याला नऊ-दहा इंच चालते.

निफाड_रान

रानाचं लिहितो. आमच्या भागात गहू संशोधन केंद्र आहे, त्यामुळे गव्हाच्या तारखा पाठ आहेत.

बागायती गहू वेळेवर म्हणजे 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतरच्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलच्या आसपास घट धरतात. कारण सरळ आहे. दाणा भरायची वेळ पुढे ढकलली जाते, फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढतं आणि दाणा चिमटतो. खत वाढवून ही भरपाई होत नाही.

बियाणं एकरी 40 ते 50 किलो. 15 नोव्हेंबरनंतर पेरत असाल तर 50 ते 60, कारण उशिरा पेरलेल्याला फुटवे कमी येतात. दोन ओळींत 20 सेंटिमीटर, उशिरा पेरलात तर 18. खोली पाच ते सहा सेंटिमीटर, त्याहून खोल नको. नत्र दोन हप्त्यांत: निम्मं पेरताना, निम्मं पहिल्या पाण्याच्या वेळी.

पाणी. पहिलं 18 ते 21 दिवसांनी, तेव्हा मुकुटमुळं फुटतात. पुढची कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना. पाणी कमी असेल तर असं करा: एकच असेल तर 40 ते 42 दिवसांनी, दोन असतील तर 20 ते 22 आणि 60 ते 65 दिवसांनी, तीन असतील तर 20 ते 22, 40 ते 42 आणि 60 ते 65.

वाण: बागायती वेळेवर त्र्यंबक, तपोवन. वेळेवर आणि उशिरा दोन्हीला फुले समाधान. शेवया-कुरडयांसाठी बन्सी हवा असेल तर गोदावरी.

वाफसा

निफाड_रान, उत्तम. हरभऱ्याचंही लिहा ना. बागायती हरभऱ्याला अजून वेळ आहे का, असं बरेच जण विचारतात.

निफाड_रान

आहे, पण थोडा. जिरायती हरभऱ्याची वेळ गेली, तो सप्टेंबरच्या शेवटापासून 10 ऑक्टोबरपर्यंत पेरायचा. बागायती 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर. विजयसारखा मध्यम दाण्याचा वाण एकरी 26 ते 28 किलो, दिग्विजय किंवा विशालसारखा टपोरा 40 किलो. दोन ओळींत एक फूट, दोन रोपांत 10 सेंटिमीटर.

बीजप्रक्रियेत क्रम महत्त्वाचा. आधी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, किलोला 5 ग्रॅम. मग गुळाच्या थंड पाण्यातून रायझोबियम जिवाणू, 10 किलोला 250 ग्रॅमचं एक पाकीट. सावलीत तासभर वाळवून लगेच पेरा. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते सगळ्यात आधी, आणि त्या बियाण्याला जिवाणू चोळायची घाई करू नका, मरतात. सकाळी चोळलेलं बियाणं उन्हात बांधावर ठेवणं ही नेहमीची चूक.

पाणी जास्त दिलं की हरभरा उभळतो, म्हणजे पिवळा पडून मरतो. भारी काळ्या रानात दोन पाणी बास, 30 ते 35 दिवसांनी आणि 60 ते 65 दिवसांनी, दोन्ही हलकी. शेंडे खुडायचे ते फुलं येण्याच्या आधी, महिन्याच्या आसपास. फुलं दिसल्यावर खुडलंत तर नुकसान.

घाटेअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) पुरतात, पिकाच्या वर फूटभर उंचीवर. शिवाय पक्षी बसायला टी आकाराचे मचाण. हे नोव्हेंबरमध्येच लावा. अळी घाट्यात, म्हणजे शेंगेत, शिरल्यावर लावून उपयोग नाही.

आणि शाळू? आता पेरू नका. 15 ऑक्टोबर उलटली की खोडमाशी पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, मारते. रान मोकळं असेल तर हरभरा किंवा गहू घ्या.

खारेपाट

अलिबागकडचं चित्र वेगळं आहे. इथे भात निघालं की खाचरात जी ओल उरते तिच्यावर वाल, चवळी, मूग, कुळीथ येतात. पाणी द्यायचंच नसतं, म्हणून सगळा खेळ दिवसांचा. भात कापून आठ दिवस रान तसंच ठेवलं तर वरची ओल उडते आणि भेगा पडायला लागतात. भेगेत करंगळी गेली तर वालाची वेळ गेली समजा, तिथे कुळीथ टाका. तो कमी ओलीतही तग धरतो.

वाल नांगराच्या तासात, दोन ओळींत फूटभर आणि दोन बियांत वीतभर. बी ओलीला टेकलं पाहिजे, वरच्या कोरड्या थरात राहिलं तर मुंग्या नेतात. पेरून झाल्यावर फळी फिरवा. माती दबली की खालची ओल वर चढत राहते.

खाऱ्या रानात आणखी एक अडचण. पाऊस थांबला की ओलीबरोबर मीठ वर येतं, नोव्हेंबर सरता सरता वर पांढरा पापुद्रा दिसतो. उगवण त्याच्या आधी झाली पाहिजे, कोवळ्या मुळाला मीठ सोसत नाही. भाताचा पेंढा पातळ पसरला तर बाष्पीभवन कमी होतं आणि मीठही उशिरा वर येतं. पेंढा जाळू नका.

पांढरा कांदा कार्ले, खंडाळे, नेहुलीकडे भात निघालेल्या रानातच लावतात. त्याला गोड विहिरीचं पाणी लागतं, खारं चालत नाही.

माळवं

खारेपाट, फळीचं सांगितलंत ते गच्चीलाही लागू आहे. ट्रेमध्ये पेरल्यावर सपाट लाकडी तुकड्याने हलकं दाबलं तर मेथी एकसारखी उगवते.

कुंडीभर

कांदा-लसणाचं कुणी लिहील का? घरच्या लसणाला नुसती पातच येते, गड्डा धरत नाही, अशी तक्रार नेहमी येते.

वाफसा

लसूण लावायला ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे योग्य. गड्डा न धरण्याची तीन कारणं. उशीर झाला की थंडीचे दिवस कमी पडतात, पाकळ्या सुट्या होत नाहीत, एकच गोल गाठ राहते. दुसरं, बियाणं. बाजारातला मोठ्या पाकळ्यांचा बाहेरून आलेला लसूण आपल्याकडच्या दिवसमानात गड्डा धरेलच असं नाही. गोदावरी, श्वेता, फुले नीलिमा किंवा राजगुरुनगरच्या केंद्राचा भीमा ओंकार घ्या. तिसरं, नत्राचा मारा. जानेवारीत युरिया टाकला की पात माजते.

लावताना गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडा, आतल्या बारीक पाकळ्या फोडणीला. साल काढू नका. टोक वर, दोन सेंटिमीटर खोल, 10 बाय साडेसात सेंटिमीटरवर. उलटी लागली तरी उगवते, पण मान वाकडी होते आणि गड्डा लहान राहतो. साडेचार महिन्यांनी पात पिवळी पडून झुकू लागते, त्याच्या पंधरा दिवस आधी पाणी तोडा.

उन्हाळी कांद्याचं रोप आता टाकायचं, लावणी डिसेंबरच्या मध्यापासून. एकरी साडेतीन-चार किलो बी आणि चार-पाच गुंठे गादीवाफे. वाफा मीटरभर रुंद, वीतभर उंच. घरच्यासाठी 5 ग्रॅम बी पुरे, त्यातून हजाराच्या आसपास रोपं निघतात. बी यंदाचंच हवं. कांद्याचं बी वर्षात निकामी होत जातं, मागच्या वर्षीच्या उघड्या पाकिटावर भरवसा ठेवू नका. रेघेत विरळ पेरा. दाट पेरलं की रोप जमिनीलगत सडून आडवं होतं, त्यालाच मर म्हणतात. मर दिसली की आधी पाणी बंद, मग जिथे लागली तिथली माती वीतभर अंतरापर्यंत काढून टाका. लावणीचं रोप 50 ते 55 दिवसांचं. त्याहून जून रोपाला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, जास्त येतात.

न्यूजर्सी_परस

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडं, कारण इथे गावाकडून बी आणून पेरणारे पुष्कळ आहेत.

न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. बाहेर पेरायचं एकच पीक उरतं, लसूण. जमीन गोठायच्या तीन-चार आठवडे आधी लावा. कडक दांड्याचा स्थानिक वाण, दोन इंच खोल, सहा इंचांवर, वर चार ते सहा इंच गवताचं आच्छादन. काढणी जुलैत. भारतीय दुकानातला लसूण लावून उपयोग होत नाही.

कांद्याबाबत तर हे आणखी महत्त्वाचं. एन-2-4-1 सारखे आपले वाण लहान दिवसांचे, दिवस 11-12 तासांचा झाला की गड्डा धरायला लागतात. इथे मार्चअखेर दिवस बारा तासांच्या वर जातो, तेव्हा रोप जेमतेम बोटभर असतं. ते लगेच गोटीएवढा कांदा धरतं आणि थांबतं. इथे मोठ्या दिवसांचे वाणच लावा. हेच उलट दिशेने लागू पडतं: इथलं बी नाशिकला नेलंत तर नुसती पात मिळेल.

मेथी मात्र खिडकीत होते. दोन इंच मातीचा उथळ ट्रे, बी दाट, दक्षिणेची खिडकी. पंधरा दिवसांत समुद्रमेथीएवढी झाली की कापून घ्या, मोठी होऊ देऊ नका. प्रकाश पुरत नाही, लोळते.

दापोली_वाट

आंब्याचं राहिलं. हापूसला आता पालवी फुटते. कोवळ्या तांबूस पानांवर तुडतुडे येतात आणि तेच पुढे मोहरावर चढतात, म्हणून पहिली फवारणी पालवीवरच करायची, मोहराची वाट पाहायची नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक हाताशी ठेवा. त्यातली औषधं सुधारत असतात, जुनी चिठ्ठी वापरू नका.

परसातल्या एक-दोन झाडांना आता पाणी आणि नत्र दोन्ही बंद. पाणी दिलं की पुन्हा पालवी येते आणि ती काडी जून होईपर्यंत मोहर लांबतो. नोव्हेंबरात मोठा पाऊस पडला तरी तेच होतं. आळ्यात पालापाचोळा घाला, पण बुंध्यापासून फूटभर मोकळं ठेवा. वाळवी तिथूनच चढते.

निफाड_रान

पावसाचा विषय निघालाच आहे तर, नोव्हेंबर कोरडा धरून चालू नका. 11 नोव्हेंबर 2009 ला फयान वादळ कोकणावर आलं. 26 नोव्हेंबर 2023 ला नाशिक जिल्ह्यात गारा पडल्या. ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा या महिन्यात फुलोरा आणि मणी धरण्याच्या टप्प्यात असतात, त्यात घड ओला राहिला की डाऊनी ही बुरशी येते आणि मणीगळ होते. पाऊस उघडल्यावर पहिलं काम वेलीवरचं पाणी झटकणं, ब्लोअर नुसत्या हवेवर चालवला तरी जमतं. औषध त्यानंतर.

गव्हाच्या पेरणीनंतर चार-पाच दिवसांत पाऊस झाला आणि रान आवळलं तर वाफसा आल्यावर हलकी काट्यांची फांदी ओढा. खपली फुटते, कोंब वर येतो. उगवण झाल्यावर मात्र ओढू नका.

कुंडीभर

गच्चीवर ढगाळ हवेनंतर तीन-चार दिवसांत मावा येतो: मोहरी, कोबी, मुळ्याच्या पानामागे. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, निम्मा तिथेच जातो. मग 50 ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून चिमूटभर साबणचुरा, आणि त्याच दिवशी पानाच्या खालच्या बाजूने फवारणी. अर्क ठेवून दिला तर जोर उतरतो. भर उन्हात फवारू नका, कोवळी पानं करपतात. चार वाजल्यानंतर फवारा, म्हणजे अंधाराआधी पानं सुकतील. पाच-सहा दिवसांनी पुन्हा. लेडीबर्ड किडे किंवा त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या दिसल्या तर त्या कुंडीवर फवारणी करू नका, त्या मावा खातात.

पालकावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा म्हणजे नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये असते, वरून फवारलेलं तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पान तोडा आणि पिशवीत बांधून टाका. कंपोस्टमध्ये नको, कोष तिथे तगतात.

माळवं

वाटाण्याचं एक विचारायचं होतं. अनुराधेत पेरला तर उशीर होतो का?

वाफसा

माळवं ताई, गच्चीवर होतो. 19 नोव्हेंबरनंतर पेरलेल्या वाटाण्याच्या शेंगा जानेवारीच्या शेवटी भरायला लागतात आणि तेव्हाच भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते. विशाखेत, म्हणजे 6 ते 19 च्या मध्ये पेरा. बी आठ-दहा तास भिजवा, त्याहून जास्त नको, फुटून आंबतं. एक इंच खोल, चार बोटांवर एक. काठ्या पेरतानाच रोवा, नंतर रोवल्या तर मुळं तुटतात.